फटफटीच्या मागच्या स्प्रिंगा

१४ मार्च १९५४, रविवार

आज बाळकुमच्या नाक्यावर चारचौघांत शोभा झाली. फटफटी खड्ड्यात गेली, मागून खर्रर्र आवाज आला आणि मडगार्ड चाकावर असं काही बसलं की चाक फिरेना. हे उतरले. मी उतरले. आणि मी उतरल्याबरोबर मडगार्ड आपोआप वर आलं! पारावर बसलेले म्हातारे फिसकन हसले. एकजण तर म्हणाला, "बाई, परत बसा बघू." मेल्यांना दुसरे उद्योग नाहीत.

हे म्हणजे आमचे हरिहरराव. (तोंडाने नाव घ्यायला उखाणा लागतो, वहीत लिहायला लागत नाही.) शाळेत ड्रॉइंग मास्तर आहेत. अंगाने असे की सदरा यांच्या अंगात आहे की खुंटीवर, ते लांबून कळत नाही. गिरणीतला एक साहेब गेल्या दिवाळीत विलायतेला परत निघाला, त्याची ही फटफटी यांनी घेतली. मी नर्स, बाळंतपणं करते. टांगेवाले चांगला रस्ता संपला की हात वर करतात आणि बैलगाडीने जायचं तर बाळाचं बारसं गाठायचं. म्हणून पुढे हे, मागे मी, मांडीवर माझी बॅग, अशी आमची वरात ठाण्यापासून कोलशेतपर्यंत फिरत असते.

घरी आल्यावर हे फटफटीशेजारी आडवे झाले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "मागच्या स्प्रिंगा साहेबाच्या मापाच्या आहेत. साहेब अगदीच किरकोळ होता."

"म्हणजे मी किरकोळ नाही, असंच ना?"

यावर यांनी पाना जरा जोरात आपटायला सुरुवात केली.

चेष्टा राहू दे. मला खरोखर धास्ती वाटते आहे ती सगुणाची. कोलशेतच्या मिठागरावर काम करणाऱ्या पंढरीची ही बायको. दोन मुलं गेली तिची. पहिल्या वेळी कुणाला बोलावलंच नाही. दुसऱ्या वेळी माझ्याकडे गाडी पाठवली, तिचं चाक बांधावरच्या चिखलात रुतलं, आणि मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. ते मूल हातात घेतलं तर गार होतं. आता तिला सातवा संपत आलाय. परवा तपासून निघाले तर माझा हात सोडेना. "सुमतीबाय, या वेळेला तू टायमावर येशील ना गो?"

मी म्हटलं, "येईन." म्हटलं खरं, पण ज्या फटफटीच्या जिवावर म्हटलं ती मला बघून खाली बसते!

१६ मार्च

कल्याणला महिपत म्हणून एक लोहार आहे. लढाईत लष्करी ट्रकांच्या दुरुस्तीवर होता, आता स्वतःची भट्टी घालून बसलाय. लोखंडाची कांब लाल करून तो पाहिजे तशी स्प्रिंग वळून देतो म्हणे. मात्र मागे बसणाऱ्याचं वजन त्याला आधी कळायला हवं.

आता ते मला विचारायचं कसं? हे दोन दिवस घरात नुसते घुटमळत होते. शेवटी आज सासूबाईंना मध्ये घातलं. "आई, हिला जरा विचार ना, साधारण किती असेल."

सासूबाई कडाडल्या. "हरी, जिवंत माणसाचं वजन कुणी बोलतं का? दृष्ट लागते. माणूस आहे का भाताचं पोतं?"

एरवी या दृष्टीच्या खुळावरून मी सासूबाईंशी रोज वाद घालते. नवजात बाळ काट्यात घातलं की आयाबाया कशा डोळे झाकतात, आकडा सांगितला की कशा कानावर हात ठेवतात, याच्या नकला करते. आज मात्र म्हटलं, "आई म्हणतात त्यात काहीतरी असेलच."

पण हे दारात तसेच उभे. नाक पुसत म्हणाले, "अंदाजे सांगितलंस तरी चालेल गं."

मी म्हटलं, "एकशे पंचावन्न पौंड."

हे "बरं" म्हणाले. मग माझ्याकडे एकदा पाहिलं, दाराच्या चौकटीकडे एकदा पाहिलं आणि निघून गेले.

आता माझंच वजन मी नेमकं कधी केलंय? फार तर पाच-सात पौंड इकडेतिकडे असेल. साडीचंही वजन असतं.

२८ मार्च, रविवार

स्प्रिंगा आल्या. काळ्याभोर, तेल लावलेल्या, मनगटाएवढ्या जाड. बसवायला यांना अख्खी दुपार लागली. संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी मारून आलो. मडगार्ड जाग्यावर! मी मुद्दाम दोनदा उड्या मारून बसले. आता येऊ दे सगुणाचा निरोप, कधीही येऊ दे.

४ एप्रिल, गुढीपाडवा

सणासुदीचं रडू नये म्हणतात. मी रडले.

सकाळी गुढी उभारली, फटफटीला हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूची माळ घातली. सासूबाईंनी तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. श्रीखंड वाटीत पडतंय न पडतंय तोच कोलशेतचा माणूस दारात. सगुणाला नाही हं, तिथल्याच एका आनंदाच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. तशीच निघाले.

खाडीच्या बांधावर चढलो आणि तिसऱ्या की चौथ्या खड्ड्यात खाट्कन आवाज आला. डाव्या बाजूची स्प्रिंग तुटली. सीट एका अंगाला कलली, मी त्याच अंगाला गेले, आणि बॅग बांधावरून घरंगळत खाली. यांना लागलं नाही, मला लागलं नाही. पण ऊन मी म्हणत होतं, गाव लांब, आणि मी बॅग डोक्यावर घेऊन पळत सुटले. मी पळताना कशी दिसते ते मला ठाऊक आहे, पण पळले.

पोचले तेव्हा मुलगा झालेला. बाई हसत होती, आनंदा पेढे कुठून आणावेत या विवंचनेत होता. सगळं नीट. नाळ कापली, न्हाऊ घातलं, चहा प्यायले.

आणि परत येताना सगुणाच्या दारावरून यावं लागलं. ती ओट्यावर उभी होती. मला घामाघूम बघितलं, मागून फटफटी ढकलत येणारे हे बघितले. आत गेली. तिच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं, आणि म्हणून घरी येऊन मी रडले. दगा द्यायचाच होता तर त्या लोखंडाने आधी सांगून द्यायचा.

५ एप्रिल

महिपत लोहार फसवा आहे. कच्चं लोखंड वापरतो. यांना तसं सांगितलं तर हे म्हणाले, "लोखंड चांगलं आहे गं." मग कशाने तुटली? शाळेची वेळ झाली म्हणून गेले. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी एवढी कसली घाई?

११ एप्रिल, रविवार

आज झालं ते लिहिताना एकटीच हसते आहे.

सगुणाला बघायला गेले, टांग्याने अर्धं आणि पायी अर्धं. तब्येत छान आहे तिची. पण गप्प गप्प. मी काही विचारायच्या आत तिची सासू सखुबाई म्हणाली, "बाय, ती फटफटी तुला पेलत नाय. खरा वजन सांगितलास का लोहाराला?"

"सांगितलं की."

"किती?"

मी सांगितलं. सखुबाईने हातातली सुपारी खाली ठेवली. "चल," म्हणाली.

मिठागरावर मोसमाचं मीठ निघतंय. गोणी तोलायचा मोठा काटा तिथे उभा आहे, दोरखंडाला फळ्या टांगलेला. सखुबाईने एका फळीवरची गोण उतरवायला लावली आणि मला म्हणाली, "बस." मी नाही नाही म्हणत होते, पण तिने खांद्याला धरून बसवलंच. पंढरीने पलीकडच्या फळीवर वजनं चढवायला घेतली. चढवली, चढवली, अजून चढवली. मीठ ओढणाऱ्या बायका हातातली फावडी टाकून गोळा झाल्या. शेवटी माझे पाय जमिनीवरून उचलले गेले आणि पंढरी ओरडला, "दोन मण पंधरा शेर!"

म्हणजे एकशे पंचाण्णव पौंड. आईशप्पथ! मी तशीच लोंबकळत राहिले. सखुबाईने लगेच तिथलंच मूठभर मीठ घेतलं, माझ्यावरून तीनदा उतरवलं आणि खाडीत भिरकावलं. आणि मग आमच्यामागून आलेली सगुणा हसली. पोटाला हात लावून, गोदामाच्या भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईतो हसली. इतक्या महिन्यांत या पोरीला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मग मीही हसले. दृष्ट लागायची तर लागो.

१२ एप्रिल

रात्रीची जेवणं झाल्यावर यांना म्हटलं, "लोहाराला एकशे पंचाण्णव सांगा."

हे सुपारी कातरत होते. "एकशे पंचाण्णव?"

"हो. खरं सांगतेय."

"बरं," म्हणाले. थोड्या वेळाने परत "बरं" म्हणाले. मला वाटलं होतं चेष्टा करतील, निदान हसतील तरी. तर हे आपले खाली मान घालून बोटांवर कसलासा हिशेब करत बसले. यांना माझं काही म्हणजे काही वाटत नाही. मी जिवावर उदार होऊन आकडा सांगितला आणि हे सुपारी कातरताहेत!

२५ एप्रिल, रविवार

हे साहेबाच्या स्प्रिंगा घालून फटफटी कल्याणला घेऊन गेले, मागोमाग रेल्वेने मीही गेले, लोहाराला चार शब्द सुनवायचे म्हणून. महिपत माझ्याएवढाच रुंद निघाला, त्यामुळे निम्मा राग तिथेच गेला. भट्टीतून लाल कांब काढून तो लोखंडी दांड्याभोवती गुंडाळत होता. मला नमस्कार करून म्हणाला, "ताई, आता हत्ती बसवा."

"हत्ती कशाला बसवू? मीच बसते."

तो यांच्याकडे बघून हसला. हे दुसरीकडे बघू लागले. मी विचारलं, "काय झालं हसायला?" तर म्हणतो, "काही नाही ताई. गिऱ्हाईक सांगतं त्यावर आमचं म्हणून चार बोटं जास्त धरावं लागतं. धंद्याची रीत आहे." म्हणजे काय ते मला समजलं नाही. दोघं मिळून काहीतरी शिजवताहेत एवढं नक्की.

स्प्रिंगा बसवल्या. आधीच्या मनगटाएवढ्या होत्या, या त्यांच्याही वरताण.

२६ एप्रिल

दगड! नुसता दगड! स्प्रिंग म्हणायची तिला? कल्याणहून येताना माझे दात एकमेकांवर वाजत होते. मडगार्ड खाली येत नाही हे खरं, पण मी वर जाते. खड्डा आला की सीट मला आकाशात उडवते आणि खाली येईपर्यंत फटफटी पुढे गेलेली असते.

सासूबाई पाठ शेकून देताहेत. शेकता शेकता म्हणाल्या, "वजन बोललीस ना? भोग आता."

२ मे

ठाण्यात माझं नाव 'उडती नर्स' पडलंय. आज भाजीवालीनेच सांगितलं.

आणि महिपत भाचीच्या लग्नासाठी गावी गेलाय. भट्टी बंद. पौर्णिमेनंतर येईल म्हणाला त्याचा शेजारी. तोवर उडायचं.

९ मे, रविवार

वाईट बातमी आहे. आज सगुणाला तपासलं. मूल आडवं आहे.

पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. डोकं डाव्या कुशीला, पाय उजव्या. बाहेरून फिरवायचा प्रयत्न केला, फिरलं, आणि मी हात काढल्याबरोबर पोरगं परत आपल्या जागी. अजून दिवस आहेत, आपोआप फिरेलही. पण नाही फिरलं तर हे माझ्या हातचं काम नाही. ऑपरेशन लागेल, म्हणजे ठाण्याचं इस्पितळ आणि डॉक्टरीणबाई. तेही पाणमोट फुटायच्या आत. पाणी आधी गेलं, नाळ खाली आली, की मूल गेलंच, आणि कदाचित तीही.

मी म्हटलं, "आजच घेऊन चला तिला. इस्पितळात राहू दे आठ दिवस."

सखुबाई ऐकेना. दोन नातवंडं गेल्यावर तिने गावदेवीला बोलून ठेवलंय, की या वेळी पोटुशी पोर वेशीबाहेर पाऊल टाकणार नाही, देवीच्या हद्दीतच बाळंत होईल. पंढरी एकदा आईकडे बघतो, एकदा माझ्याकडे. मी भांडले, ओरडले, हात जोडले. काही उपयोग झाला नाही. दाराशी सगुणा हळूच म्हणाली, "बाय, तू ये फकस्त."

मला राग सखुबाईचा येतोय की देवीचा की स्वतःचा, कळत नाही. आणि आता ही दगडी फटफटी. समजा ऐन वेळी न्यायची वेळ आली, तर त्या सीटवर एक दणका बसला की पाणमोट फुटेल. बैलगाड्या सगळ्या मिठाच्या ओढीवर आहेत, पावसाच्या आत गोदामं भरायची म्हणून रात्रंदिवस चालू. यांना म्हटलं, जुन्या साहेबाच्या स्प्रिंगा परत घाला. हे म्हणाले, "त्यावर तू एकटी बसलीस तरी चाक अडकतं." तेही खरं.

१४ मे

रोज कान निरोपाकडे. शाळेला सुट्टी आहे, हे घरीच असतात. रोज सकाळी फटफटी पुसतात, पेट्रोल बघतात, एकदा चालू करून बंद करतात. 

१८ मे, मंगळवार

सगळं लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही.

सकाळी चूल पेटवत होते तो पंढरी दारात. धावत आला होता. नुसतं "बाय, बाय" म्हणाला. यांनी तोवर फटफटी चालू केली होती. पंढरीला म्हटलं, तू मागून ये.

बांधावरून उडत उडत पोचलो. सगुणाला कळा येत होत्या, पण लांब लांब. तपासलं. मूल तसंच आडवं. पाणमोट शाबूत. देवा, शाबूत होती!

मी सखुबाईला म्हटलं, "इथे ठेवलीत तर दोघंही जातील. माझ्याने होणार नाही. आत्ता निघालो तर वेळ आहे."

गाडी नाही. होडी म्हणावी तर ओहोटी लागलेली, होड्या चिखलात बसलेल्या, पाणी चढायला दुपार होणार. मिठागराची एक लॉरी असते तीही कुठे गेलेली. राहिली फटफटी. हे दारात उभे होते. म्हणाले, "तिघं बसू."

"अहो, त्या दगडावर? एक दणका..."

"मी हळू नेईन. मी टाकीवर सरकतो. तू मागे बस, तिला मांडीवर घे."

सखुबाई खांबाला धरून उभी. तेवढ्यात सगुणा उठली. माझा हात धरून उठली आणि सासूला म्हणाली, "आये, मी जाते. मला हे पोर पायजे."

सखुबाईचं तोंड वेडंवाकडं झालं. मला वाटलं ओरडणार. ती म्हणाली, "जा. देवीला मी सांगन. माजा बोल होता, माज्यावर रागवूंदे." आणि स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी काढून तिने सीटवर अंथरली.

हे टाकीवर. मी मागे, पाय दोन्हीकडे टाकून, कासोट्याची लाज त्या वेळी कुणाला होती! सगुणा माझ्या मांडीवर आडवी, तिचं डोकं माझ्या खांद्याशी, माझे दोन्ही हात तिच्या पोटाखाली. निघालो. मी डोळे मिटले आणि पहिल्या खड्ड्याची वाट बघत बसले. दात आवळून धरले होते.

खड्डा आला. सीट खाली गेली, मऊ, थांबली, आणि तशीच सावकाश वर आली. झोपाळा जातो तशी. मी डोळे उघडले. मला वाटलं चुकून चांगल्या रस्त्याला लागलो. नाही, बांधच होता, खड्डे तेच होते, मी ते सगळे माझ्या पाठीने ओळखते. दुसरा आला. पुन्हा तसंच. ना मडगार्ड घासलं, ना मी उडाले. सगुणा म्हणाली, "बाय, फटफटी बरी हाय गो तुझी." मला हसू आलं की रडू आलं, आता आठवत नाही. मी नुसती तिच्या पोटावर हात ठेवून म्हणत होते, थांब रे राजा, थांब, जरा थांब.

घोडबंदर रस्त्याला लागलो तेव्हा तिला मोठी कळ आली. हे थांबले. कळ ओसरेपर्यंत तिने माझ्या दंडाला धरून ठेवलं, नखांचे वळ अजून आहेत. पुढे निघालो. माजिवड्याला लोक बघत उभे राहिले. बघू देत. यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, पण मानेवरून घामाचे ओघळ चालले होते आणि प्रत्येक खड्ड्याआधी म्हणत होते, "आला हं. आला हं. गेला."

इस्पितळाच्या पायरीवर उतरवलं तेव्हाही पाणमोट शाबूत होती. डॉक्टरीणबाईंनी हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "टेबलावर घ्या." मी बाहेर बसले. हे फटफटीला टेकून उभे होते, त्यांना बसताच येईना म्हणाले, पाय आखडलेत.

मुलगी झाली. रडण्याचा आवाज दाराबाहेर आला, खणखणीत. मग डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "आई चांगली आहे." मी तिथल्याच बाकावर पदरात तोंड घालून रडले. कुणाची लाज नाही बाळगली. गार नव्हतं या वेळी. गरम होतं, लालबुंद होतं, आणि माझ्यावर ओरडत होतं.

१९ मे

सगुणा बसून पेज प्यायली. पंढरी पाळण्यापासून हलत नाही. सखुबाई आली, कपाळाला देवीचा अंगारा लावून. विचारलं, देवी काय म्हणाली? "काय बोलनार, तिलाबी पोरी आवडतात," म्हणाली.

काल रात्री मी आडवी झाले ती एकदम सकाळीच उठले. गेल्या दोन महिन्यांत अशी झोप नव्हती.

२३ मे, रविवार

महिपत परत आला आहे असा निरोप आला. सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "कल्याणला जाऊन येतो. जरा मऊ करून आणतो स्प्रिंगा. तुझ्या पाठीचे हाल होतात."

मी म्हटलं, "थांबा. आधी मला सांगा, या एवढ्या कडक झाल्या कशा? एकशे पंचाण्णवच सांगितलेत ना?"

हे कपात बघत बसले.

"अहो?"

"दोनशे पस्तीस सांगितले."

"दोनशे पस्तीस! का?"

"मागच्या वेळी तू चाळीस कमी सांगितले होतेस. मला तेव्हाच कळलं होतं गं, रोज मागे बसवतो. पण म्हणू कसं? मग स्प्रिंग तुटली. म्हटलं, या वेळीही तू चाळीस ठेवूनच सांगितलं असणार. ते आपणच घालावेत, तुला न दुखवता." मग जरा थांबून म्हणाले, "महिपतने वर त्याचे घातले. त्याला सगळीच गिऱ्हाइकं कमी सांगतात."

सासूबाई आतून म्हणाल्या, "तरी मी सांगत होते, बोलू नये."

रागावले. म्हटलं, "मी मिठाच्या काट्यावर, साऱ्या मिठागरासमोर लोंबकळून आले होते. खरं सांगितलं होतं मी तुम्हाला! इतक्या वर्षांच्या संसारात एवढाही भरवसा नाही?"

"चुकलं," म्हणाले. इतके गोरेमोरे झाले की माझा राग तिथेच विरघळला. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं: मंगळवारी त्या दगडी स्प्रिंगा मऊ झाल्या त्या आम्हा दोघींच्या भाराने! मी कप खाली ठेवला.

यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता तर महिपतने माझ्या मापाच्या स्प्रिंगा केल्या असत्या. छान, मऊ. मी गुपचूप बसले असते, पाठ दुखली नसती. आणि मंगळवारी बांधावरच्या पहिल्याच खड्ड्यात, तिघांच्या भाराने, मडगार्ड चाकावर बसलं असतं, सगुणा माझ्या मांडीवर असताना.

मी यांना म्हटलं, "कल्याणला जायचं नाही. स्प्रिंगा आहेत तशाच राहू देत."

"अगं, पण तुझी पाठ..."

"उडेन मी. मला सवय झालीये. पण पुढची सगुणा कुठल्या दिवशी माझ्या मांडीवर येईल, ते काही मला आधी कळवून येणार नाही."

यांनी कल्याणला न्यायची पिशवी परत खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "बरं." या वेळी एकदाच म्हणाले.

आता हे बाहेर फटफटी पुसताहेत, दुपारी सगुणाला आणि मुलीला बघायला जायचंय. देवा, माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदा माझा शब्द खरा मानला नाही, त्याबद्दल तुझे उपकार मानते. पुढच्या वेळी मात्र मानू दे.